ओलं रोगण

आमचे मामंजी कधी आरशात पाहत नसत. सकाळी अंघोळ झाली, की शेरवानीची बटणं लावत ते अंगणात येत, मोटारीच्या डाव्या दारासमोर उभे राहत आणि त्या दारात पाहून केस विंचरत. मग लाल, गोंड्याची रूमी टोपी चढवायची, ती किंचित तिरकी करायची, दोन पावलं मागे सरून स्वतःला एकदा न्याहाळायचं आणि कोर्टाला निघायचं. तेही पायी. अख्ख्या गल्लीत मोटार असलेलं घर आमचंच, आणि घरचे वकीलसाहेब धुळीतून चालत कोर्टात जाणार. कुणी विचारलंच तर म्हणत, "अहो, मोटार नेली तर धूळ नाही का बसायची तिच्यावर?"

मामंजी म्हणजे माझे सासरे. नांदेडात त्यांची वकिली चांगली चालायची. निजामाचं राज्य होतं, कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे घरी जेवतानासुद्धा त्यांच्या बोलण्यात अर्धं कोर्ट असायचं. माणूस मोठ्या मनाचा. घरात कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही, आणि दारी आलेला उपाशी गेलेलाही पाहिला नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. पण मामंजींना स्वतःला ते चाललं नसतं.

त्यांची माझी खरी ओळख त्या मोटारीपाशीच झाली. माझं माहेर लातूरचं. लग्न लातुरात झालं आणि वरात नांदेडच्या स्टेशनावर उतरली, तेव्हा नव्या सुनेला घ्यायला मोटार आली होती. गर्द हिरवी, अशी चकचकीत की तिच्यात स्टेशनाची कमान दिसत होती. मी बावरलेली. चढताना तोल गेला आणि मी दाराचा आधार घेतला. घरी उतरलो तर दारावर पिवळाधमक पंजा. मामंजी पंजाकडे पाहत राहिले. मग त्यांनी जमलेल्या बायकांकडे एक नजर टाकली. त्या घोळक्यात हळदीचे हात माझ्या एकटीचेच होते. मामंजींनी खिशातून रुमाल काढला, दार पुसलं आणि हसून म्हणाले, "पंजा कुणाचा हे शाबीत झालेलं नाही. शक का फायदा मुलजिम को."

संशयाचा फायदा आरोपीला, हा त्यांचा कोर्टातला हुकमाचा पत्ता. घरातही ते तोच टाकायचे. दूध उतू गेलं, बरणी फुटली, लोणच्याला पाणी सुटलं, की आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई चौकशीला उभ्या राहत आणि मामंजी ओसरीवरूनच निकाल देऊन मोकळे होत. माझी किती मडकी त्या एका वाक्याने वाचली असतील! आत्याबाई चिडून म्हणायच्या, "ह्यांच्या राज्यात कुणी गुन्हेगारच न्हाई."

एका बाबतीत मात्र हे राज्य कडक होतं. मोटारीला कुणी हात लावायचा नाही. त्यात एक गंमत होती. मामंजी सुधारक मनाचे. घरातलं सोवळंओवळं त्यांनी केव्हाच मोडीत काढलं होतं, आत्याबाईंचा विरोध पत्करून. आत्याबाई म्हणायच्या, "माझ्या देवघरातलं सोवळं सोडवलं आन् मोटारीला नेसवलं." ते अगदी खरं होतं. मोटार पुसायची ती मलमलीच्या फडक्यानेच, तेही धुऊन वेगळं वाळत घातलेलं. उघडा हात लागता कामा नये. हाताला तेल असतं, घाम असतो, त्याने झिलई मरते म्हणे. लेकरं तर मोटारीपासून हातभर लांबून जायची.

लढाई सुरू झाली आणि हैदराबादच्या दुकानांतून विलायती पॉलिशचे डबे येईनासे झाले. पेट्रोल परमिटवर गेलं. गावातल्या बाकीच्यांनी मोटारी झाकून ठेवल्या. मामंजींनी परमिटाचं पेट्रोल साठवून ठेवलं आणि रोगण घरीच करायचं ठरवलं. इथे माझा आणि त्यांचा खरा सूर जुळला. माझ्या वडिलांची लातुरात तेलाची अडत होती, माहेरून करडईच्या तेलाचे डबे यायचे. करडईचं तेल मंद आचेवर शिजवत ठेवलं की दाट होतं, आणि लाकडाला किंवा पत्र्याला लावलं की काही दिवसांत त्याचा कडक पापुद्रा होतो, हे मी वडिलांच्या दुकानी येणाऱ्या गाडीवानांकडून ऐकलेलं होतं. ते आपल्या गाड्यांची जुवं त्याने राखायचे. मी ते सांगितलं मात्र, मामंजींनी दुसऱ्याच दिवशी परसात चूल मांडली.

ते दिवस आठवले की आजही नाकात तो उग्र वास येतो. लोखंडी कढईत तेल, त्यात राळेची पूड, उतरवताना मेणाचा खडा. पाकासारखी तार आली की उतरवायचं. तार मी बघायची, कारण जिलबीचा पाक मला जमायचा आणि त्यांना जमत नव्हता. मग मलमलीचा बोळा करून एकाच दिशेने हात फिरवायचा, माघारी फिरवायचा नाही. अंगणात आधी पाण्याचा सडा, म्हणजे धूळ उडायची नाही. वर जुन्या धोतरांचा मांडव. एक हात वाळायला आठवडा जायचा, मग त्यावर दुसरा. तोवर अंगणात कोंबडीसुद्धा फिरकायची नाही. मामंजी मांडवात खुर्ची टाकून अर्जदाव्यांची कागदपत्रं वाचत बसायचे, आणि एखादी माशी रोगणावर बसली तर काडीने अलगद उचलायचे. आत्याबाई म्हणायच्या, "पोरांच्या आजारपणात इतकं बसले न्हाईत." ते मात्र मनाला लावून घेत नसत. "जपलं तर टिकतं," एवढंच म्हणत.

आता संभाबद्दल सांगायला हवं. संभा अर्धापूरचा. तिथे त्याची केळीची बाग होती. विहिरीच्या पाण्यावरून त्याच्या चुलतभावाने त्याला कोर्टात ओढलं होतं, आणि मामंजींनी तो दावा जिंकून दिला होता. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी संभा केळीचा घड खांद्यावर घेऊन यायचा, ओसरीच्या कडेला ठेवायचा, पाणी प्यायचा आणि जायचा. बोलणं कमी. त्याचे हात कोपरापर्यंत काळपट डागांनी भरलेले असायचे. केळीचा चीक असा असतो की कपड्यावर पडला तर कपडा फाटतो पण डाग जात नाही. त्यामुळे मोटारीच्या बाबतीत मामंजींनी संभाला जरा जास्तच बजावून ठेवलं होतं. तो बिचारा अंगणातून जाताना दोन्ही हात पाठीशी बांधून जायचा. आम्हाला हसू यायचं. मामंजीही हसायचे आणि संभाही हसायचा.

दावा जिंकला त्या दिवशी संभा मामंजींच्या पाया पडला होता. मामंजींनी त्याला उठवलं आणि भरल्या मनाने म्हणाले, "संभा, कधी अडलंनडलं तर संकोच करू नकोस. ही मोटार तुझीच समज." असं आपण बोलतो. घर तुमचंच आहे, या केव्हाही, म्हणतो. शहाणा माणूस ते ऐकतो आणि सोडून देतो. संभाने ते खरं धरलं.

त्या साली उन्हाळ्यात सुभेदारसाहेबांचा, म्हणजे अख्ख्या सुभ्याच्या अधिकाऱ्यांचा, दौरा नांदेडला यायचा होता. अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे आताच्या कलेक्टरांच्या, कचेरीतून मामंजींना निरोप आला, की साहेबांना स्टेशनावरून आणायला आपली मोटार मिळावी. मामंजींना सरकारी वकील व्हायची फार हौस होती. ते तोंडाने बोलत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा चूल पेटवली. त्या खेपेचं रोगण काही वेगळंच उतरलं होतं, मधासारखं. शेवटचा हात त्या दिवशी सकाळीच देऊन झाला होता. मोटार अशी दिसत होती की आत्याबाईसुद्धा मांडवाशी येऊन क्षणभर उभ्या राहिल्या.

दुपारच्या भर उन्हात संभा आला. घड नव्हता, डोक्याला मुंडासं नव्हतं, कुणाची तरी सायकल दारातच टाकलेली. मी पाणी घेऊन गेले तर त्याने तांब्या घेतला आणि तसाच हातात धरून राहिला. "साहेब, पारूला पान लागलं," म्हणाला. पारू त्याची बायको. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, त्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. सकाळी केळीत पाणी देताना झालं होतं. भावाने तिला बैलगाडीत घालून नांदेडचा रस्ता धरला होता, आणि संभा सायकल घेऊन पुढे आला होता. मोटार नेली तर गाडी वाटेतच गाठता येईल, तिथून पारूला उचलून दवाखान्यात आणता येईल. सगळा हिशोब त्याने रस्त्याने केलेला होता. बोलता बोलता तो मांडवात शिरला आणि त्याने डाव्या दारावर हात टेकला. दम लागला होता त्याला. नियम विसरला.

मामंजी त्याच्या हाताकडे पाहत होते. मी समोरच होते, म्हणून सांगते, त्यांनी आधी हाताकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

"संभा, रोगण ओलं आहे रे," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. कळवळाच होता. ते लगबगीने बाहेर पडले, स्वतः अड्ड्यावर जाऊन चांगल्या घोड्याचा टांगा घेऊन आले, टांगेवाल्याला ताकीद दिली, दवाखान्यात डॉक्टरांना निरोप पाठवला की रोगी येतो आहे, तयार राहा. एक मोटार सोडली तर त्यांनी संभासाठी सगळं केलं. मला वाटतं, टांगा वळणाआड जाईपर्यंत त्यांना आपण चांगलं काम केलं असंच वाटत होतं. संभा टांग्यात बसताना हातातला तांब्या माझ्याकडे द्यायला विसरला नाही. पाणी तसंच होतं.

आत्याबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एरवी तडातडा बोलणाऱ्या. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "वलं रोगण पुन्हा लावता येतं."

मामंजी खुर्चीवर बसले. समोर दारावर पंजा उमटला होता, पाची बोटं, तळहाताच्या रेषासुद्धा. काही वेळ ते बसून राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण नको तितका वेळ. मग उठले, मांडवाची धोतरं ओढून काढली, साठवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि मोटार घेऊन गेले. चालवायचे ते स्वतःच.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी त्यांनीच सांगितलं, एकदाच. आसना नदीच्या अलीकडे बाभळीखाली टांगा आणि बैलगाडी दोन्ही उभ्या होत्या. टांग्याची आणि गाडीची गाठ पडली तेव्हाच पारूचा श्वास अडकत होता. तिला टांग्यात घेईपर्यंत ती गेली. मामंजी मोटारीतून उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, मोटारीतून घरी नेऊ. संभाने मोटारीकडे पाहिलं. रस्त्याची सगळी धूळ ओल्या रोगणावर बसली होती, हिरवा रंग दिसत नव्हता.

"आता कशाला मोटार खराब करता, साहेब," तो म्हणाला. "गाडीतच नेतो तिला."

त्याच्या मनात टोमणा नव्हता, असं मामंजी म्हणत. टोमणा असता तर बरं झालं असतं, असंही म्हणत. बैलगाडी अर्धापूरकडे वळली आणि मामंजी तिच्यामागे मोटार चालवत गेले, बैलांच्या चालीने, स्मशानापर्यंत.

डॉक्टरांनी नंतर त्यांची समजूत घातली. सापाची जात जहाल असावी, मोटार मिळाली असती तरी वाचली असती असं सांगता येत नाही. भेटायला आलेल्या मित्रांनी ते उचलून धरलं. वकिली पेशाचेच होते ते. त्यांतला एक म्हणाला, "वकीलसाहेब, शक का फायदा..." आणि मामंजींनी हात वर करून त्याला थांबवलं. ते वाक्य आमच्या घरात नंतर कधी ऐकू आलं नाही. दूध उतू गेलं तर उतू गेलं. कोर्टात ते बोलत असतीलही, तो त्यांचा धंदाच होता. जन्मभर त्यांनी लोकांना जो फायदा मिळवून दिला, तो स्वतःला मात्र एक दिवससुद्धा घेतला नाही.

सुभेदारसाहेबांच्या दौऱ्याला त्यांनी मोटार नादुरुस्त आहे असं कळवलं. सरकारी वकिली दुसऱ्याला मिळाली. धुळीसकट रोगण वाळून कडक झालं आणि मोटार खरजुली दिसू लागली. आमचे हे हैदराबादेहून सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, घासून काढतो. मामंजींनी काढू दिलं नाही. डाव्या दारावरचा पंजा तसाच होता. केळीच्या चिकाने तो काळा पडत गेला होता. मामंजी केस आता न्हाणीघरातच विंचरायचे, आरशाशिवाय, आणि टोपी कधी डाव्या कानावर जायची कधी उजव्या. गल्लीतले लोक हसायचे. मला लाज वाटायची, त्यांच्या टोपीची नव्हे.

आणि संभा? त्याचं सुतक फिटल्यावरच्या बाजाराला तो घड घेऊन आला. ओसरीच्या कडेला ठेवला, पाणी प्यायला, हात पाठीशी बांधून मोटारीशेजारून गेला. मामंजी आतल्या खोलीत जाऊन बसले होते. मग दर बाजाराला हेच. घड यायचा, पिकायचा, घरातली माणसं खायची, मामंजींच्या पानात केळ वाढलं की ते बाजूला सारायचे. आत्याबाईंनी एकदा संभाला नको आणत जाऊ म्हणून सुचवलं. तो गोंधळला. "का वं बाई? घड बारीक झाला का?" मग त्याला काही उमजलं असावं. म्हणाला, "रोगण वलं व्हतं. साहेब तरी काय करणार. तुमी मनाला लावून घेऊ नका." आत मामंजींनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी जेवणच घेतलं नाही.

राज्य बदललं. रूमी टोपी गेली, शेरवानी गेली, कोर्टातली उर्दू हळूहळू गेली. मामंजी थकले. मोटार एका कोपऱ्यात पत्र्याखाली उभी असायची. यांनी ती चालती ठेवली होती.

शेवटच्या दुखण्यात एका सकाळी मामंजींना धाप लागली. दवाखान्यात न्यायचं ठरलं. यांनी मोटार सुरू करून ओसरीशी आणली. मामंजींनी अंथरुणावरून मान हलवली. "टांगा आणा," म्हणाले. यांनी विनवलं, रागावले, धक्के बसतील म्हणाले. आत्याबाई एव्हाना गेल्या होत्या, नाहीतर त्यांचं ऐकलं असतं की नाही कुणास ठाऊक. "टांगा," एवढंच पुन्हा म्हणाले. मी यांना म्हटलं, आणा.

बाजाराचा दिवस होता. टांगा दाराशी आला तेव्हा संभा घड घेऊन आत येत होता, केस पांढरे झालेला. त्याने घड खाली ठेवला, मामंजींना एखाद्या लेकरासारखं उचललं आणि टांग्यात बसून त्यांना छातीशी धरून राहिला. मी समोर बसले. हे सायकलवर पुढे गेले. टांगा हळू चालला होता. घोडा म्हातारा होता आणि रस्त्याला खड्डे होते.

मामंजींची नजर संभाच्या हातांवर होती, चिकाने काळ्या झालेल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "संभा, एक विचारतो. खरं सांग. मोटार मिळाली असती तर पारू वाचली असती, असं तुला कधी वाटतं का?"

मला वाटलं, आता म्हणेल, रोगण वलं व्हतं. इतकी वर्षं तेच म्हणत आला होता. संभा घोड्याच्या पाठीकडे पाहत राहिला.

"वाटतं की, साहेब," तो म्हणाला. "रोज वाटतं."

त्याने मामंजींना धरलेला हात सैल केला नाही. मामंजींनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी समाधान म्हणणार नाही. आपला निकाल ऐकायला जन्मभर कोर्टात बसून राहिलेल्या माणसाला अखेर निकाल ऐकू आला, एवढंच. "बरं केलंस, सांगितलंस," म्हणाले. दवाखान्यात पोचल्यावर फार काळ राहिले नाहीत.

मोटार पुढे यांनी विकली. घेणारा हौशी होता, त्याने सगळं जुनं रोगण खरवडून नवा रंग दिला, आणि दाखवायला मुद्दाम आमच्या दारात घेऊन आला. डावं दार लख्ख झालं होतं. पाहा, वहिनी, तोंड दिसतं, म्हणाला. मी पाहिलं नाही. चहा करायला आत गेले.